देवाच्या हवाली केलेली मुलगी

गेल्या महिन्यात आमचं एक काम बंद पडलं. म्हणजे वरून निरोप आला, की हे आता नको. सव्वादोन वर्षं, आठ जणांची टीम, रिलीजच्या आधीच्या त्या जागून काढलेल्या रात्री... आणि एका शुक्रवारी दुपारी सर्व्हर बंद. संध्याकाळी सगळे मिळून जेवायला गेलो, नेहमीचे विनोद झाले. घरी आल्यावर मात्र एक प्रश्न डोक्यातून जाईना. जे कुणी वापरलंच नाही, ते आपण केलं म्हणायचं की नाही?

अशा वेळी इतिहासाचं काहीतरी वाचायला घ्यायची माझी जुनी खोड आहे. या वेळी हाताशी पंडिता रमाबाई होत्या. (रमाबाई रानडे वेगळ्या आणि रमाबाई आंबेडकरही वेगळ्या. शाळेत माझा यात कायम घोळ व्हायचा, म्हणून आधीच सांगून टाकतो.) रमाबाईंवर शाळेच्या पुस्तकात चार ओळी असायच्या. विद्वान होत्या, विधवांसाठी शारदा सदन काढलं, ख्रिस्ती झाल्या. बस्स. सोलापूरला जाताना केडगाव स्टेशन मी किती वेळा मागे टाकलंय, त्याला गणती नाही. तिथे या बाईंनी आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षं काढली, हे मला माहीत नव्हतं.

तर गोष्ट सुरू होते त्यांच्या वडिलांपासून.

अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे वैदिक विद्वान. त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. बाईमाणसाला देवभाषा शिकवली म्हणून गहजब झाला, तेव्हा शास्त्रीबुवांनी सह्याद्रीत, आज कर्नाटकात असलेल्या गंगामूळच्या रानात बिऱ्हाड थाटलं. तिथे १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. पुढे कर्ज झालं, घर सुटलं आणि सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं, ते वर्षानुवर्षं चालतच राहिलं. देवळात बसून पुराण सांगायचं, लोक ठेवतील त्या दक्षिणेवर गुजराण करायची. आई चालता-बोलता मुलीकडून भागवत पाठ करून घ्यायची.

या माणसानं देवाची सेवा कशी केली ते बघा. हातात पैसा होता तेव्हा दानधर्म, ब्राह्मणभोजनं, व्रतं, अनुष्ठानं. पैसा आटत गेला तरी तेच. मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. जवळचं सगळं संपलं. भीक मागणं जमेना, मजुरी माहीत नव्हती, आणि पोटाला मिळवून देईल असं दुसरं शिक्षण घरात कुणाकडेच नव्हतं. होतं नव्हतं ते देवाच्या कामी खर्चून, उपास करत, मूर्तींपुढे बसून ही मंडळी चमत्काराची वाट पाहत राहिली. शेवटी झाडपाला खाऊन दिवस काढले. तीर्थात जलसमाधी घ्यायची, इथपर्यंत वडिलांचा विचार गेला होता. मुलगा श्रीनिवास आडवा आला. म्हणाला, मी मजुरी करीन, पण हे नको.

१८७४ मध्ये अनंतशास्त्री वारले. त्याआधी त्यांनी धाकट्या मुलीला जवळ घेतलं. डोळ्यांनी दिसत नव्हतं, म्हणून तिच्या डोक्यावरून आणि गालांवरून हात फिरवला. जगलीस तर सन्मानानं जग, आणि जन्मभर देवाची सेवा कर, असं सांगितलं. तुला मी देवाच्या हाती दिलंय, आता तू त्याचीच, या अर्थाचं ते बोलले. हे सगळं रमाबाईंनीच १९०७ साली आपल्या आत्मकथनात लिहून ठेवलंय.

त्यानंतर थोड्याच काळात आई गेली. मग बहीण. आईची तिरडी उचलायला माणसं मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा भाऊ. चौथा खांदा सोळा वर्षांच्या रमाबाईंचा. पण त्या बुटक्या होत्या, खांदा उंचीला पुरेना. म्हणून त्यांनी आपल्या बाजूचं ओझं डोक्यावर घेतलं.

इथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. चहा केला आणि मग पुढे वाचलं.

पुढची चार वर्षं ही भावंडं देशभर पायी हिंडली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीपासून बचाव म्हणून वाळूत खड्डा खणून, अंगावर वाळू ओढून झोपली. या भटकंतीत दोघांचाही मूर्तिपूजेवरचा आणि व्रतांवरचा विश्वास उडाला. साहजिकच आहे. आईवडिलांनी सगळं काही शास्त्रात सांगितल्याबरहुकूम केलं होतं, आणि तरी ते उपाशी मेले.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचली आणि चित्र एकदम पालटलं. वीस वर्षांची मुलगी पंडितांच्या सभेत अस्खलित संस्कृत बोलते म्हणून शहर लोटलं. 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. व्याख्यानं, मानपत्रं, वर्तमानपत्रांत नाव. पण १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. दुसरा प्रांत, दुसरी जात, तेही नोंदणी पद्धतीनं, १८८० साली! फेब्रुवारी १८८२ मध्ये तेही पटकीनं गेले. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या आणि मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती.

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, स्त्री डॉक्टर आणि स्त्री शिक्षिका हव्यात असं ठणकावून सांगितलं. स्वतः डॉक्टर व्हायचं ठरवून १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथे दोन गोष्टी झाल्या. एक तर कानांनी दगा दिला. ऐकू येणं इतकं कमी झालं होतं, की डॉक्टरीचा नाद सोडावा लागला. आणि दुसरं म्हणजे, २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात खळबळ माजली. टीकेचा भडिमार झाला. जोतीराव फुल्यांसारखा एखादाच १८८५ मध्ये 'सत्सार' लिहून त्यांच्या बाजूनं उभा राहिला. आपल्याकडे रमाबाईंचं नाव पुढे दबक्या आवाजात घेतलं जाऊ लागलं, ते तेव्हापासून.

पण गंमत अशी, की ज्यांच्यात त्या गेल्या त्यांनाही त्या पचल्या नाहीत. त्यांचा सिस्टर जेराल्डिनशी झालेला पत्रव्यवहार छापलेला आहे, मिळाला तर जरूर वाचा. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिनच अक्षरं का? आमच्या संस्कृतात का नकोत? मी शाकाहारी राहिले तर ख्रिस्ती धर्माचं काय बिघडतं? बिशप सांगतील ते सगळं मुकाट्यानं का मानायचं? पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावं की नाही यावर हिंदुस्थानातल्या बिशप मंडळींनी हरकत घेतली, तेव्हाही त्या गप्प बसल्या नाहीत. हे कुठे चाललंय? तर ज्यांच्या घरी राहतोय, ज्यांच्या पैशावर शिकतोय, त्यांच्याचपुढे. अंगात ताकद नसताना पाठीचा कणा ताठ ठेवणं म्हणजे काय, ते या पत्रांत दिसतं.

मग पुन्हा भरतीचे दिवस. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी म्हणून १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, आणि तिथे जवळजवळ तीन वर्षं गावोगाव व्याख्यानं देत फिरल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर लिहिलेलं त्यांचं इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये गाजलं. बॉस्टनला त्यांच्या नावानं संस्था निघाली, तिनं दहा वर्षं पैसे पुरवायची हमी दिली. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई, पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई ऊर्फ बाया. सल्लागार मंडळात रानडे आणि भांडारकर. पुढच्याच वर्षी सदन पुण्यात आलं. एखाद्या कामाला याहून चांगली सुरुवात काय असते?

मला वाटतं, रमाबाईंची खरी परीक्षा दुष्काळात झाली नाही, ती इथे झाली. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील, असं ठरलेलं होतं. रमाबाई स्वतःची प्रार्थना स्वतःच्या खोलीत करत. पण दार उघडं असे, आणि मुली येऊन बसू लागल्या. दार लावून घ्या, असा आग्रह झाला. त्यांनी लावलं नाही. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर मंडळींनी संबंध तोडले, 'केसरी'नं झोड उठवली, पालक मुलींना काढून घेऊन गेले.

इथे मी सरसकट रमाबाईंच्या बाजूनं नाही, हे कबूल करतो. ज्या बापानं टिळकांचा विरोध आणि नातेवाइकांचे टोमणे सोसून आपली विधवा मुलगी तिथे ठेवली, त्याला फसल्यासारखं वाटलं असेल तर त्याला दोष कसा देणार? रानड्यांचीही किती पंचाईत झाली असेल. पण रमाबाईंच्या बाजूनं एवढं तरी म्हणावंच लागेल, की प्रतिष्ठा, पुण्याचा पाठिंबा, मोठी नावं हे सगळं टिकवायला फक्त एक दार लावावं लागणार होतं. लपूनछपून प्रार्थना करणं त्यांना जमलं नाही. अडचणीत सापडलेला माणूस देवाला धरून राहतो, त्यात नवल नाही, दुसरं काही धरायला नसतंच. सगळं छान चाललेलं असताना धरून राहणं अवघड.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या आणि त्यांना रस्त्याकडेला हाडांचे सापळे झालेल्या मुली दिसल्या. बावीस वर्षांपूर्वी त्या स्वतः अशाच कुठल्यातरी रस्त्याच्या कडेला होत्या. त्यांनी मुली गोळा करून आणायला सुरुवात केली. पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध, इतक्या मुली ठेवायला परवानगी नाही. मग केडगावला आधीच घेतलेल्या शेतजमिनीवर राहुट्या आणि झोपड्या उभ्या राहिल्या. त्याचंच पुढे 'मुक्ती' झालं. त्याच १८९७ मध्ये प्लेगच्या छावण्यांत बायकांची काय दशा होते, यावर त्यांनी वर्तमानपत्रात सरकारविरुद्ध पत्र लिहिलं. थेट गव्हर्नर सँडहर्स्टनं ते खोडून काढलं. राज्यकर्त्यांच्या धर्मात गेली म्हणजे त्यांची मिंधी झाली, हा आरोप करणाऱ्यांनी ते पत्र आठवावं.

१९०० मध्ये गुजरातचा दुष्काळ झाला. मुक्तीतल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार माणसांना रोज दोन वेळा जेवायला घालायचं म्हणजे काय, ते आपल्या ऑफिसच्या कॅन्टीनवाल्याला विचारा! विहिरी, शेती, हातमाग, तेलाचा घाणा, दूधदुभतं, शाळा, छापखाना. अंधांसाठी बार्तीमी सदन, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्या आणि अपंग बायकांसाठी प्रीती सदन. मनोरमा अमेरिकेत ब्रेल शिकून आली होती, ती अंध मुलींना शिकवू लागली.

एक टोचणारा प्रश्न इथेही आहे. उपाशी मुलीला जेवण आणि धर्म एकाच ताटात वाढला तर तिच्या निवडीला काय अर्थ उरतो? तो प्रश्न खरा आहे, आणि मी तो गिळून टाकणार नाही. पण त्या मुलींना रस्त्यावरून उचलायला दुसरं किती जण गेलं होतं, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. दोन्ही जवळ बाळगूनच रमाबाई वाचाव्या लागतात.

आता त्या कामाकडे येतो, ज्याच्यासाठी हा सगळा प्रपंच मांडला.

१९०५च्या सुमारास, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर करायला घेतलं. मराठीत भाषांतर आधीपासून होतं. पण त्यातली मराठी संस्कृताळलेली. मुक्तीतल्या खेड्यापाड्यांतल्या मुलींना ती कळेना. शिवाय बरेचसे शब्द हिंदू देवधर्माचे संदर्भ घेऊन येणारे, ते रमाबाईंना नको होते. म्हणून त्यांनी मुळातून भाषांतर करायचं ठरवलं, आणि त्यासाठी या वयात हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. जिला भागवताचे हजारो श्लोक पाठ, संस्कृतसाठी जिला 'सरस्वती' म्हटलं गेलं, ती बाई आता एकेक संस्कृत शब्द वेचून बाहेर काढत होती. का, तर घाण्यावर काम करणाऱ्या मुलीला वाचताना अडायला नको. आईवडिलांकडून मिळालेली जी सगळ्यात मोठी इस्टेट, तीच त्यांनी बाजूला ठेवली.

कान जवळजवळ गेलेले. तब्येत तोळामासा. कलकत्त्याची मानपत्रं आणि बॉस्टनची व्याख्यानं आता फार मागे राहिलेली. पुण्याच्या लेखी तर त्या संपल्यातच जमा होत्या. रोज उठून काही ओळी करायच्या, मुळाशी ताडून बघायच्या. छापखान्यात खिळे जुळवायला मुक्तीतल्याच बायका, छपाईला त्याच, बांधणीला त्याच. अठराएक वर्षं हे काम चाललं.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा मिरजेला वारली. चाळीस वर्षांची होती. पुढचं सगळं काम तिच्यावर सोपवायचं, असं धरून चाललेलं होतं. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा आणि आता मुलगी. त्यानंतरही रमाबाई मुद्रितं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला, वयाची चौसष्ट वर्षं पुरी व्हायला थोडेच दिवस असताना, त्या झोपेतच गेल्या. भाषांतराचं काम तोवर हातावेगळं झालं होतं. संपूर्ण बायबल छापून पुरं झालं ते त्यांच्या पश्चात.

आणि त्या बायबलचं पुढे काय झालं? फारसं काही नाही. चर्चमधून चाललं ते बायबल सोसायटीचंच भाषांतर. रमाबाईंचं फार शब्दशः आहे, काही ठिकाणी वाचताना खडे लागतात. अख्खं बायबल एकटीनं भाषांतरित करणारी जगातली पहिली स्त्री, असं त्यांच्याबद्दल कुठेकुठे लिहिलेलं सापडतं. तेही बरोबर नाही, अमेरिकेतल्या ज्युलिया स्मिथचं भाषांतर १८७६ मध्येच छापलं गेलं होतं. म्हणजे पहिलेपणाचा मानही नाही. ज्या कामाला अठरा वर्षं दिली, ते बहुतेकांनी वापरलंच नाही.

शुक्रवारी दुपारी बंद झालेला आमचा सर्व्हर मला इथे आठवला. आणि लगेच थोडी लाजही वाटली, कारण तुलना होऊच शकत नाही. आम्ही ते काम पगारासाठी आणि थोडंफार कौतुकासाठी केलं होतं. दोन्हींतलं एक मिळालं, दुसरं नाही मिळालं, म्हणून कुरकुर. रमाबाईंचा हिशेबच वेगळा होता. त्यांनी सेवा कधी ताकदीवर बेतली नाही. कान गेले तर डॉक्टरी सोडून शाळा. पुणं गेलं तर केडगाव. व्याख्यानं थांबली तर भाषांतर. जे जाईल त्याचा शोक करून, उरेल तेवढ्यात त्या पुढचं काम करत राहिल्या. ते काम किती जण वापरतील हे ठरवणं आपल्याकडे नाहीच, असं मानल्याशिवाय मुलगी गेल्यावर पुन्हा मुद्रितं हातात घेता येतील असं मला वाटत नाही.

माझा स्वतःचा देवावर विश्वास आहे की नाही, हे मला नीट सांगता येत नाही. सणावारी हात जोडतो, एवढंच. पण अनंतशास्त्री पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येतात. त्यांना कल्पनासुद्धा नव्हती, की आपली मुलगी आपले देव सोडून दुसऱ्याच देवाच्या नावानं जन्म काढणार आहे. कळलं असतं तर ते उन्मळून पडले असते. तरीही सांगितलेलं तिनं पाळलं का, असं विचारलं तर... पाळलं. बापाला अभिप्रेत नव्हतं अशा रीतीनं, पण बापाच्याच चिवटपणानं. ख्रिस्ती होऊन चोवीस वर्षं झाल्यावर त्यांनी आत्मकथन लिहिलं. बापाचा देव त्यांच्या मते चुकीचा होता, पण बाप त्याची सेवा सगळ्या जिवानिशी करत होता, हे त्यांनी त्यात प्रेमानं नोंदवलंय. खांदा पुरेना म्हणून ओझं डोक्यावर घेणारी ती सोळा वर्षांची मुलगी पुढे अठ्ठेचाळीस वर्षं तेच करत राहिली, एवढंच मला कळलं.

असो. सोमवारपासून नवं काम आहे. ते तरी कुणी वापरेल की नाही, देव जाणे.